सोनाराची पेढी व तिची सचोटी



वेदीपुढें वधूवर परस्परांच्या बोटांत जी आंगठी घालतात, ती कोणाच्या हातची, हा विचार त्या मंगल घटकेस कोणी करीत नाहीं. परंतु पवित्र ख्रिस्तसभा त्या कारागिरास विसरली नाहीं; सोनारांस तिनें एक आश्रयदाता संत दिला आहे.

संत एलिजियस यांचा जन्म इ. स. ५८८ च्या सुमारास फ्रान्स देशांतील लिमोज नगराजवळ झाला. तेथील टांकसाळीचा प्रमुख आब्बो याच्या हाताखालीं ते ही कला शिकले. त्यांच्या प्राचीन चरित्रांत अशी हकीकत आहे कीं, राजा दुसरा क्लोतार यानें एका सिंहासनापुरतें सोनें व रत्नें त्यांच्या स्वाधीन केलीं. एलिजियस यांनीं तितक्याच ऐवजांत दोन सिंहासनें घडवून राजापुढें ठेविलीं. पुढें इ. स. ६४१ मध्यें ते न्वायों येथील बिशप झाले. त्यांचा सण १ डिसेंबर रोजीं येतो.

ह्या कथेचें मर्म चमत्कारांत नसून हिशेबांत आहे. सोन्यांत किती तांबें मिसळलें व घट किती गेली, हें गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. तें घडविणाराच जाणतो. म्हणून जेथें घडविणारा तोच विकणारा, तेथें दागिन्यांतील खोट त्याच्याच दारीं परत येते. ह्या उत्तरदायित्वावरच जुन्या पेढ्यांचें नांव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें. सांगलीस १८३२ सालीं सुरू झालेली गाडगीळ घराण्याची पेढी महाराष्ट्रांत प्रसिद्धच आहे.

परंतु लहान सोनारांवर मोठें संकट आलें. चीनशीं झालेल्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्यें सरकारनें सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी केले. चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. असंख्य कारागिरांच्या शेगड्या विझल्या. चौदा कॅरटांचें बंधन १९६६ सालीं उठलें; तथापि १९६८ सालचा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत अमलांत होता. दरम्यान कित्येकांच्या मुलांनीं हातोडी खालीं ठेवून दुसरा उद्योग धरिला.

२०२१ पासून देशाच्या बऱ्याच जिल्ह्यांत हॉलमार्कचा शिक्का सक्तीचा झाला, हें योग्यच झालें. मात्र तो शिक्का सोन्याचा कस सांगतो. घडविणाऱ्याची ओळख राखणें आपल्याच हातीं आहे. येत्या लग्नसराईंत एक तरी आंगठी गांवच्या सोनाराकडे घडवावयास द्या, आणि ठरलेली मजुरी घासाघीस न करितां त्याच्या हातीं ठेवा. सोनारानें प्रामाणिक असावें, अशी अपेक्षा करणाऱ्या गिऱ्हाइकासही तीच कसोटी लागू आहे.