दोर सोडण्याचे शहाणपण

आजच्या चेन्नईला, म्हणजे जुन्या मद्रासला, निसर्गाने बंदर दिले नव्हते. जहाजे उघड्या समुद्रातच नांगर टाकून उभी राहत; माणसे आणि माल काथ्याने शिवलेल्या मसुला नावाच्या होड्यांतून किनाऱ्यास लागे. वादळाची चाहूल लागली की किनाऱ्यावरून इशारा होई : नांगर उचलीत बसू नका, त्याचा दोर सोडा आणि खोल समुद्र गाठा. कारण नांगर वर येईपर्यंत वारा जहाजाला किनाऱ्यावर आपटी. १७४६ च्या ऑक्टोबरात, मद्रास नुकतेच जिंकलेल्या ला बूर्दोने या फ्रेंच सेनानीच्या आरमाराची एका रात्रीच्या वादळाने दाणादाण उडविली. १८७५ च्या डिसेंबरात बंदराची कोनशिला बसली. पण १८८१ च्या वादळाने त्या बांधकामाचीही मोठी मोडतोड केली.

आज नावेमागे ओढल्या जाणाऱ्या खेळाडूच्या दोराला झटकन सुटणारी कडी लावतात. तत्त्व तेच. ताणलेली गाठ संकटात सुटत नाही. सुटण्याची सोय आधीच करून ठेवावी लागते. नांगर मोलाचा खरा, पण जहाजावरील माणसांहून मोलाचा नव्हे.