डेमलो: डोंबिवलीपासून वटपद्रकापर्यंत

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या म्हणजे नऊ एकांच्या संख्येचा वर्ग. दहा एकांचा वर्ग केला की मध्ये हातचा येतो आणि अंकांची चढउतार मोडते. सतरा अंकी संख्येच्या डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवले की आठ नऊ येतात, आणि मधोमधही नऊच आहे. डावा आणि उजवा भाग मिळवल्यावर जो अंक पुन्हा पुन्हा येतो तोच मध्ये असला, तर त्या संख्येला दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी 'डेमलो' म्हटले. देवळालीच्या या शाळाशिक्षकाने हे नाव मुंबईपासून तीस मैलांवरच्या डेमलो स्थानकावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून घेतले. कल्पना तिथे सुचली होती. दोन्ही नावे कानाला फार दूरची वाटतात, ही शंका रास्त आहे. पण तीस मैल म्हणजे ४८ किलोमीटर आणि डोंबिवली तेवढ्याच अंतरावर आहे. शिवाय अनुस्वाराचा उच्चार धरला तर ड, म, ल हा सांगाडा दोन्हीकडे सारखाच. मधले ब आणि व गळाले, असे माझे मत.

नाव विसाव्या शतकातले असले तरी घराणे जुने आहे. इ. स. ८५०च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ ही संख्या अशी सांगितली की ती एकापासून सहापर्यंत चढते आणि मग क्रमाने उतरते. त्याच ग्रंथात १२३४५६७९ ला ९ ने गुणून नऊ एकांची माळ येते आणि तिला राजाच्या कंठ्याची उपमा मिळते. मग कापरेकरांनी ही कल्पना उसनी घेतली का? १९१२ साली मद्रासला हा ग्रंथ छापला गेला होता, एवढ्यावरून कोणी तसे म्हणेल. मला ते पटत नाही. महावीरांनी सुटे अलंकार दाखवले, कापरेकरांनी व्याख्या करून जात ठरवली. नाते मात्र अंकांतच आहे. आपल्या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१. तिने संख्येला निःशेष भाग जातो, म्हणून कापरेकरांच्याच भाषेत ती 'हर्षद' ठरते. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग, म्हणजे महावीरांच्या कंठ्यातल्या संख्येचाच!

महावीर ज्याची स्तुती करतात तो राष्ट्रकूट अमोघवर्ष लहानपणीच गादीवर आला आणि बंडात ती गमावून बसला. ती परत मिळवून दिली गुजरातेतल्या लाट प्रांताच्या कर्क सुवर्णवर्षाने. याच कर्काच्या शके ७३४ च्या, म्हणजे इ. स. ८१२ च्या ताम्रपटात अंकोट्टकाजवळचे वटपद्रक दान दिल्याची नोंद आहे. अंकोट्टक म्हणजे अकोटा आणि वटपद्रक म्हणजे आपले बडोदे. एवढ्यावरून बडोद्याने डेमलोला जन्म दिला असे ठरत नाही. पण कुळकथा कशी मोजावी ते कळते. वड आणि वस्ती दानाच्या आधीही असणारच, तरी गावाचा लेखी माग नावापासून लागतो. संख्येचेही तसेच: घराणे महावीरांचे, नाव कापरेकरांचे, आणि त्या नावामुळेच घराणे ओळखू आले.