‘आहेच असे धरा’: एका नोंदवहीची कुळकथा

ब्रिटनमधल्या जुन्या शाळेत किंवा इस्पितळात दुरुस्तीला आलेल्या इलेक्ट्रिशियनने भिंतीला भोक पाडण्याआधी एक नोंदवही बघायची असते. तिच्यात खोलीवार ओळी असतात: बॉयलरच्या खोलीतल्या पाइपांवरचा लेप, वर्गाच्या छताच्या पाट्या, जिन्याखालच्या कपाटाचे अस्तर, जुन्या फ्लशची टाकी. प्रत्येक ओळीत अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचा प्रकार, क्षेत्रफळ, अवस्था आणि गुण लिहिलेले असतात. काही ओळींना प्रयोगशाळेच्या अहवालाचा आधार नसतो. ‘आत जाता आले नाही, अ‍ॅस्बेस्टॉस आहे असे गृहीत’ एवढीच नोंद असते. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणसाला निर्दोष मानणाऱ्या देशाने भिंतींना मात्र उलटा न्याय लावला आहे.

या उलट्या न्यायाचे मूळ इमारतींत सापडत नाही. ते सापडते अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू पिंजणाऱ्या कारखान्याच्या पिंजणखात्यात.

ल्युसी डीन या ब्रिटनच्या पहिल्या काही महिला कारखाना-निरीक्षकांपैकी एक. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखी टोकदार दिसते आणि ती कामगारांना अपाय करते, असे त्यांनी १८९८ च्या अहवालात नोंदवले. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. माँटेग्यू मरे यांच्याकडे पिंजणखात्यातला एक कामगार धापा टाकत आला. आपल्याबरोबर त्या खात्यात कामाला लागलेल्या दहांपैकी आपण एकटेच उरलो आहोत, असे त्याने सांगितले. मरे यांनी १९०६ मध्ये ही हकीकत सरकारी समितीपुढे मांडली. समितीने ऐकून घेतले. पुढे काही झाले नाही.

१९२४ मध्ये रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्स कारखान्यात काम केलेली नेली केरशॉ वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. विल्यम कुक या डॉक्टरांना तिच्या फुप्फुसात खनिजाचे कण सापडले आणि १९२७ मध्ये त्यांनी या आजाराला ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले. मग मेरवेदर आणि प्राइस या सरकारी अधिकाऱ्यांचा १९३० चा अहवाल आला. तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी चौथा हिस्सा आजारी निघाला. वीस वर्षे आणि त्याहून अधिक काळ काम केलेल्यांत तर पाचांतले चार. १९३१ मध्ये नियम झाले. धूळ ओढून घेणारी यंत्रे बसली, वैद्यकीय तपासण्या सुरू झाल्या. पण हे सारे पिंजण्या-विणण्यासारख्या ठरावीक कामांपुरते होते. माल फाटकाबाहेर पडला की नियम मागे राहत.

आणि माल तर सगळा बाहेरच जात होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग हॅचेक या ऑस्ट्रियन कारखानदाराने सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र करून पत्रे काढण्याची रीत शोधली होती. ना जळणारा, ना गंजणारा, शिवाय स्वस्त असा पत्रा जगभर पसरला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला शाळा, इस्पितळे, घरे घाईने उभारायची होती. हलक्या पोलादी सांगाड्यावर रचलेल्या शाळांत आगीपासून खांब वाचवायला अ‍ॅस्बेस्टॉसच्या पाट्या ठोकल्या गेल्या. पाइपांवर त्याचा लेप आला, तुळयांवर फवारा आला.

या तीन रूपांतला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला. सिमेंटच्या पत्र्यात तंतू घट्ट बांधलेले असतात. पाटी मऊ असते, तिला करवत लागली की धूळ मोकळी होते. लेप आणि फवारा तर नुसत्या धक्क्यानेही झडू शकतात.

१९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या टापूतल्या लोकांना मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होत होता, आणि त्यातल्या काहींनी खाणीत पाऊलही ठेवले नव्हते. १९६५ मध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांना लंडनमध्ये तेच दिसले. कारखान्याच्या अर्ध्या मैलात राहणारे आणि कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायका यांनाही हा रोग होत होता. १९८२ मध्ये अ‍ॅलिस जेफरसन या आजारी कामगार स्त्रीवरचा माहितीपट टीव्हीवर लागला आणि लोक खवळले. अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याच्या कामाला परवाना लागू लागला. १९८५ मध्ये निळ्या व तपकिरी प्रकारांवर बंदी आली, १९९९ मध्ये पांढऱ्यावर.

बंदीने नवा माल थांबला. भिंतींतला तिथेच राहिला. ज्युलियन पेटो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मेसोथेलिओमाच्या मृत्यूंचे आकडे मांडले, तेव्हा धोक्यातला सर्वांत मोठा गट इमारतींवर काम करणाऱ्यांचा निघाला. सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन. यातल्या बहुतेकांनी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्याचे तोंडही पाहिले नव्हते. आपण काय कापतो आहोत हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

नोंदवहीचा जन्म या न सांगण्यातून झाला. २००२ च्या नियमांनी घरे वगळता इतर इमारतींची देखभाल ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर नवे कर्तव्य टाकले: अ‍ॅस्बेस्टॉस शोधा, खात्री नसेल तर आहेच असे धरा, लिहून ठेवा आणि हात लावणाऱ्याला सांगा. २१ मे २००४ पासून ते लागू झाले. सदनिकांच्या इमारतींतले जिने, लिफ्टच्या विहिरी अशा सामाईक जागाही त्यात आल्या.

मग सर्वेक्षकाचा धंदा बहरला. २००१ च्या मार्गदर्शिकेत पाहणीचे तीन प्रकार होते. त्यांतला पहिला नमुना न घेता, नुसते पाहून गृहीत धरण्याचा. २०१० पासून दोनच उरले. रोजच्या वापरातल्या इमारतीची देखभाल-पाहणी हा एक, आणि डागडुजी किंवा पाडकामाआधी भिंती-फरशा फोडून करायची पाहणी हा दुसरा. पहिल्या पाहणीच्या कागदावर विसंबून भिंत पाडायला घेणे हा या क्षेत्रातला जुना घोळ आहे.

सर्वेक्षक जागा ओली करून छोटा तुकडा काढतो, दुहेरी पिशवीत बंद करतो, भोक बुजवतो. रंगावरून प्रकार ठरवायचा नाही हा पहिला धडा. ते काम प्रयोगशाळेतल्या ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाचे. मग गुण: वस्तू कोणती, किती मोडकी, वर रंग किंवा आच्छादन आहे का, तंतू कोणता. प्रत्येकाला कमाल तीन, एकूण बारा. अखंड सिमेंट-पत्रा तळाला, फाटका लेप माथ्याला. आधीच्या शतकातल्या शवविच्छेदनांचे आणि खाणींचे सार या चार रकान्यांत आले आहे. म्हणूनच नोंदवही सरसकट ‘काढून टाका’ म्हणत नाही. धडधाकट पाटी जागेवरच ठेवून तिच्यावर नियमित नजर ठेवणे बऱ्याचदा अधिक सुरक्षित असते, कारण काढतानाच सर्वांत जास्त धूळ उडते. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसमुळे आजही वर्षाला सुमारे ५,००० माणसे मरतात. ती मुख्यतः पूर्वीच्या धुळीची किंमत आहे. रोग दिसायला दशके लागतात.

या कुळाची एक फांदी मुंबईतही आहे. रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्समधून १९२० साली टर्नर अँड न्यूऑल झाली आणि घाटकोपरची हिंदुस्तान फेरोडो ही तिचीच उपकंपनी होती. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपायला सांगितल्या. त्या निकालाचा रोखही कामगारावर होता. पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंट-पत्रे मात्र आजही आपल्या गोदामांवर, शेडांवर, चाळींवर आहेत, आणि पावसाळ्याआधी ते बदलायला चढणाऱ्या माणसाला काही सांगण्याची जबाबदारी कुणाच्या नावे लिहिलेली नाही. ब्रिटनला १९३१ पासून २००२ पर्यंतचे अंतर कापायला एकाहत्तर वर्षे लागली. आपल्याला तेवढी लागायचे कारण नाही. हवी असलेली माहिती तिथल्या माणसांनी जीव देऊन आधीच गोळा करून ठेवली आहे.