नागपूरचे ऊन आणि मोटारीतील गारवा

मे महिन्यात भर दुपारी सदरच्या रेसिडेन्सी रोडवर तासभर उभी ठेवलेली मोटार उघडली, की भट्टीचे दार उघडावे तशी झळ अंगावर येते. स्टेअरिंगला हात लावता येत नाही, सीटबेल्टचे बक्कल चटका देते आणि एसीच्या जाळीतून पहिली काही मिनिटे गरम वाराच वाहत राहतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. ३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ अंश दाखविले. पुढे तो सेन्सरचा दोष असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले, परंतु त्या दिवशी तो आकडा अनेकांना खरा वाटला, यातच सारे आले. याच शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. ही दोन्ही टोके सांभाळणारी मोटारीतील यंत्रणा बहुतेक वाहनधारकांना मात्र डॅशबोर्डवरील बटणांपुरतीच ठाऊक असते. तिच्या देखभालीवर होणारा बराचसा अनावश्यक खर्च या अनभिज्ञतेतूनच होतो.

कूलर आणि एसी

विदर्भात कूलर कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ओल्या वाळ्यातून किंवा गवताच्या तट्ट्यातून कोरडी हवा ओढली जाते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता हवेतून काढून घेतली गेल्याने हवा गार होते. मोटारीतील एसीचे तत्त्व नेमके हेच आहे. फरक इतकाच, की कूलरमधील पाणी हवेत निघून जाते व टाकी पुन्हा भरावी लागते. एसीमध्ये पाण्याऐवजी अतिशय कमी तापमानाला उकळणारा वायू बंद नळ्यांत फिरत राहतो. सध्या भारतातील बहुसंख्य मोटारींत वापरला जाणारा आर-१३४ ए हा वायू वातावरणाच्या साध्या दाबाखाली उणे २६ अंशांनाच उकळतो.

डॅशबोर्डच्या मागे असलेल्या इव्हॅपोरेटर नावाच्या जाळीत हा द्रव उकळतो आणि ब्लोअरने ढकललेल्या हवेतील उष्णता शोषून घेतो. तेथून तो वायुरूपात कॉम्प्रेसरकडे जातो. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबून तप्त करतो व रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये पाठवितो. तेथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन वायूचा पुन्हा द्रव होतो. वाटेत ड्रायर त्यातील ओलावा टिपून घेतो, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. थोडक्यात, एसी गारवा निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो.

नागपूरची अडचण या शेवटच्या टप्प्यात आहे. कंडेन्सरमधील वायूला उष्णता टाकायची असेल तर तो बाहेरच्या हवेपेक्षा गरम असला पाहिजे. हवा ४५ अंशांची आणि डांबरी रस्त्यालगतची त्याहून तप्त, म्हणजे कंडेन्सरला ६० अंशांच्या आसपास काम करावे लागते. त्या तापमानाला आर-१३४ ए या वायूचा दाब सुमारे १७ बार होतो. ४० अंशांवर द्रव होताना तो जेमतेम १० बार असतो. म्हणजे आल्हाददायक हवेच्या गावात जो कॉम्प्रेसर आरामात चालतो, तोच येथे नवतपाच्या दिवसांत जीव काढून राबतो. इंजिनची शक्ती आणि इंधन अधिक खर्च होते, ते यामुळेच. दाब फारच वाढला तर सुरक्षा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि चालकाला वाटते, की एसी बिघडला.

लक्षणांवरून निदान

'कूलिंग कमी झाले' असे मोघम सांगून मोटार गॅरेजमध्ये सोडणे म्हणजे नको त्या दुरुस्तीला आमंत्रण होय. कूलिंग नेमके केव्हा आणि कसे कमी होते, यावरून दोष बव्हंशी ओळखता येतो.

रस्त्यावर मोटार वेगात असताना हवा गार लागते, पण सदरच्या उड्डाणपुलाखाली सिग्नलला थांबताच ती कोमट होत असेल, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. चालत्या मोटारीत समोरचा वारा कंडेन्सरला थंड करतो. थांबल्यावर हे काम एकट्या पंख्याचे असते. पंखा मंद फिरत असेल किंवा कंडेन्सरच्या पापुद्र्यांत धूळ, वाळलेले गवत व किडे अडकले असतील, तर उष्णता बाहेर पडत नाही. बांधकामांची धूळ आणि पहिल्या पावसानंतर महामार्गावर काचेवर आदळणारे किडे पाहता, वर्षातून दोनदा कंडेन्सर धुऊन घेणे हिताचे. पाण्याची धार मात्र सौम्य असावी. प्रेशर पंपाने जवळून मारलेल्या फवाऱ्याने पातळ पापुद्रे वाकतात आणि उपचार रोगापेक्षा महाग पडतो.

हवा पुरेशी गार आहे, परंतु जोर नाही, अशी तक्रार असेल तर वायूकडे पाहूच नये. दोष बहुधा केबिन फिल्टरचा असतो. बऱ्याच मोटारींत हा फिल्टर डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि स्क्रू-ड्रायव्हरशिवायही काढता येतो. नागपूरसारख्या धुळीच्या शहरात कंपनीने पुस्तिकेत दिलेल्या मुदतीची वाट न पाहता तो उन्हाळ्याच्या तोंडावर तपासलेला बरा. याउलट प्रवासाच्या सुरुवातीला जोरात येणारी हवा तासाभराने मंदावत असेल आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पूर्ववत होत असेल, तर इव्हॅपोरेटरवर बर्फ साचत आहे, असे समजावे. जोर उत्तम, पण हवा गरमच, अशा वेळी कॉम्प्रेसरचा क्लच जोडला जातो की नाही, हे पाहावे. बॉनेट उघडून एसी सुरू करताच येणारा 'टक्' आवाज ही त्याची साधी खूण आहे. काही नव्या मोटारींत मात्र क्लचच नसतो. तेथे ही परीक्षा उपयोगाची नाही.

मोटारीखाली पाणी ठिबकते म्हणून घाबरून येणारे ग्राहक दर उन्हाळ्यात मेकॅनिकना भेटतात. ते पाणी हवेतील बाष्पाचे असते आणि ते ठिबकणे हे यंत्रणा नीट चालल्याचे लक्षण आहे. चिंता करायची ती पाणी बाहेर न पडता चालकाशेजारच्या सीटपुढे सतरंजीखाली साचू लागले तर. याचा अर्थ निचऱ्याची नळी चोंदली आहे.

गॅस 'संपत' नाही

एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होतो, हा सर्वांत खर्चिक गैरसमज. वायू बंद चक्रात फिरतो. रबरी नळ्यांतून व सीलमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो हे खरे, परंतु दर उन्हाळ्यात तो भरावा लागत असेल तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता हवा भरत राहणे. शिवाय वायूसोबत कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेलही निसटते. तेलाविना चाललेला कॉम्प्रेसर निकामी झाला, की काही हजारांच्या दुरुस्तीचे बिल कितीतरी पटींनी वाढते.

योग्य पद्धत अशी : आधी नायट्रोजनच्या दाबाने, रंगद्रव्याने किंवा इलेक्ट्रॉनिक शोधकाने गळती शोधावी, ती बुजवावी, मग व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा पूर्ण काढावा आणि त्यानंतर बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वायू वजन करून भरावा. लहान मोटारींत हे वजन साधारणतः अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी असते. 'अंदाजाने थोडा जास्त टाकून देतो' हे औदार्य नाकारावे. जादा वायूने दाब वाढतो व गारवा उलट घटतो. स्वस्तात स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वलनशील मिश्रण भरून देणारेही भेटतात. गारवा त्यानेही मिळतो, पण अपघातात नळी फुटली तर प्रवासी कोणत्या वायूसोबत बसले आहेत, याचा विचार करावा.

या वायूचा इतिहासही उद्बोधक आहे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातच बसविलेला एसी प्रथम देऊ केला. त्याचा सांगाडा डिकीत असे आणि तो बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे! पुढे अनेक दशके मोटारींत आर-१२ वायू वापरला गेला. त्याने ओझोनचा थर विरळ होत असल्याने १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यावर गदा आली. त्याची जागा घेतलेला आर-१३४ ए ओझोनला निरुपद्रवी असला, तरी पृथ्वी तापविण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून प्रभावी आहे. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींत तो चालत नाही. तेथे आर-१२३४ वायएफ आला. भारताने किगाली दुरुस्तीला २०२१ मध्ये मान्यता दिली असून या गटातील वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवून २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. म्हणूनही गॅस हवेत सोडून देणारे गॅरेज टाळावे आणि तो यंत्राने परत काढून घेणारे निवडावे.

उभ्या मोटारीतील धोका

एसीच्या चर्चेत एक गोष्ट सुटून जाते. बंद मोटार उन्हात किती तापते, याचा अभ्यास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. तासाभरात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंशांनी वाढले आणि त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. मे महिन्यातल्या नागपुरात याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. जून २०२३ मध्ये शहरातील पाचपावली परिसरात घरातून बेपत्ता झालेली तीन लहान मुले घराजवळच उभ्या असलेल्या मोटारीत मृतावस्थेत सापडली होती. 'दोनच मिनिटांत औषध घेऊन येतो' म्हणून मुलाला मागच्या सीटवर ठेवून उतरणे कोणत्याही सबबीवर क्षम्य नाही. इंजिन व एसी सुरू ठेवून उतरणेही नाही, कारण इंजिन बंद पडले तर गारवाही जातो. घरी उभी मोटार नेहमी कुलूपबंद ठेवावी व किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये. बंद गॅरेजमध्ये एसी लावून मोटारीत झोपणे तर त्याहून घातक; धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तापलेल्या मोटारीत बसताच एसी पूर्ण जोरात लावून काचा बंद करण्याची घाई नको. आधी दोन्ही बाजूंच्या काचा उतरवून मिनिटभर मोटार चालवावी, तप्त हवा बाहेर जाऊ द्यावी, नंतर काचा लावून आतलीच हवा फिरविणारे रिसर्क्युलेशनचे बटण दाबावे. थंड झालेली हवाच पुन्हा थंड करणे कॉम्प्रेसरला सोपे जाते. परंतु हे बटण तासन् तास दाबून ठेवू नये. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर चार-पाच माणसे बंद मोटारीत निघाली, की आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साचतो, डोके जड होते, पेंग येते. ठरावीक अंतराने काही मिनिटे बाहेरची हवा घेतलीच पाहिजे.

पावसाळा आणि थंडी

पाऊस सुरू झाला की एसीचे काम बदलते. आता गारव्यापेक्षा हवा कोरडी करणे महत्त्वाचे ठरते. समोरची काच आतून धुरकट झाली तर फडक्याने पुसत बसण्याऐवजी एसी सुरू करून बाहेरची हवा काचेकडे वळवावी. धुके बाहेरच्या बाजूने असेल तर काच अति थंड झाली आहे, असे समजून तापमान वाढवावे व वायपर फिरवावा. याच दिवसांत एसीतून कुबट वास येतो, कारण ओल्या इव्हॅपोरेटरवर बुरशी वाढते. घर जवळ आले की दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवल्यास जाळी सुकते. सुगंधी बाटली लटकवून हा प्रश्न सुटत नाही.

हीटरला वेगळे इंधन लागत नाही. इंजिन थंड ठेवणारे, सुमारे ९० अंशांचे कूलंट डॅशबोर्डमागील छोट्या रेडिएटरमधून फिरते आणि त्यावरून आलेली हवा ऊब देते. त्यामुळे इंजिन तापेपर्यंत थांबावेच लागते. हीटर लावताच गोडसर वास आला, काचेवर चिकट वाफ धरली, तर हीटरचा हा रेडिएटर गळत आहे. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी ओतण्याची सवय येथेच नडते. क्षारांचे थर बसून नळ्या चोंदतात. कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरावे. आणि उन्हाळ्यात इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण उघडावा. घामाघूम व्हावे लागते, पण इंजिनची उष्णता तेवढी बाहेर पडते व सुरक्षित जागी थांबण्यापुरता वेळ मिळतो. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये.

थंडीत एसी महिनोन् महिने बंद राहिला तर सील कोरडे पडून गळती सुरू होते. आठवड्यातून दहा मिनिटे तो चालविला, तर तेल फिरत राहते. विजेवर चालणाऱ्या मोटारींचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर न चालता उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि हीच शीतयंत्रणा अनेक मोटारींत बॅटरीलाही थंड ठेवते. त्यात पेट्रोल मोटारीचे नेहमीचे तेल टाकल्यास वीज गळतीचा धोका संभवतो, म्हणून अशा मोटारीचे काम प्रशिक्षित कारागिरांकडेच द्यावे. नारिंगी वेष्टनाच्या तारांना घरच्या घरी हात लावू नये.