लिनक्समध्ये ‘माउंट’ करणं म्हणजे नेमकं काय?

विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावला की ‘ई’ किंवा ‘एफ’ असा नवा ड्राइव्ह दिसतो. लिनक्समध्ये अशी अक्षरं नसतात. तिथं सगळ्या फाइल्सचं एकच झाड असतं आणि नवी डिस्क त्यातल्याच एखाद्या फोल्डरवर जोडली जाते. या जोडणीला माउंट करणं म्हणतात आणि त्या फोल्डरला माउंट पॉइंट.

उबंटूच्या डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह लावला की हे सहसा आपोआप होतं. सर्व्हरवर मात्र बहुतेकदा ‘माउंट’ कमांड स्वतः द्यावी लागते. रीस्टार्टनंतरही जोडणी हवी असेल तर ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये नोंद करायची.

त्या फोल्डरमध्ये आधीच फाइल्स असतील तर? त्या गायब झाल्यासारख्या वाटतात, पण फक्त झाकल्या जातात. डिस्क काढली की परत दिसतात. खरा घोळ उलटा असतो. बॅकअपची डिस्क माउंटच झाली नसेल, तरी फोल्डर जागेवर असतो आणि बॅकअप गुपचूप मूळ डिस्कवरच साठत राहतो. ती डिस्क गेली की मूळ फाइल्सही गेल्या आणि बॅकअपही. म्हणून अधूनमधून ‘फाइंडएमएनटी’ ही कमांड देऊन काय कुठे जोडलंय ते बघा.

पेनड्राइव्ह थेट उपसू नका. कॉपी झाली असं दिसलं तरी काही डेटा अजून रॅममध्येच असू शकतो. आधी ‘यूमाउंट’ द्या (हो, स्पेलिंगमध्ये पहिला ‘एन’ नाही!). ‘टार्गेट इज बिझी’ असं आलं, तर बऱ्याचदा तुमचं टर्मिनलच त्या फोल्डरमध्ये उघडं असतं.