एक माता, एक मूल

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात एका कन्येचा जन्म झाला. मातेच्या शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेले आणि ज्याची साद्यंत शास्त्रीय नोंद ठेवली गेली, असे हे भारतातील पहिले अपत्य होय. डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांना हे यश लाभले, तेही महापालिकेच्या रुग्णालयात.

जगातील असे पहिले मूल २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मले होते. स्टेप्टो व एडवर्ड्स यांनी त्या मातेचे एकच स्त्रीबीज घेतले आणि एकच भ्रूण गर्भाशयात ठेवला. म्हणजे या विद्येचा प्रारंभ ‘एका’पासूनच झाला. पुढे औषधांच्या योगाने एका वेळी अनेक बीजे मिळू लागली. प्रत्येक भ्रूण रुजतोच असे नाही, खर्च तर मोठा; म्हणून तीन-चार भ्रूण एकदम ठेवण्याची रीत पडली. टोकणी करताना शेतकरी एके ठिकाणी दोन-तीन दाणे टाकतो, तोच हा हिशेब. परंतु शेतात विरळणी सोपी असते. गर्भाशयात तोच हिशेब जिवावर बेततो. जुळी-तिळी मुले बहुधा दिवस भरण्याआधी, कमी वजनाची जन्मतात. मातेस रक्तदाबाचा विकार व अतिरक्तस्राव यांचे भय वाढते. निर्ण्यासारख्या सीमेवरील गावातून अशी प्रसूती वेळेवर मोठ्या रुग्णालयात पोहोचविणे म्हणजे काय, हे तेथील माणसांना सांगावयास नको.

यातून मार्ग दाखविला तो शीतकरणाने. एक भ्रूण ठेवावा व उरलेले गोठवून जतन करावेत. पहिला रुजला नाही, तर दुसऱ्या पाळीत दुसरा ठेवावा. भ्रूण गोठविण्याचे हे तंत्र कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी १९७८ मध्येच अवलंबिले होते. त्यांच्या प्रयत्नाने ३ ऑक्टोबर १९७८ रोजी एक कन्या जन्मली. परंतु त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ मध्ये त्या खिन्न संशोधकाने आत्महत्या केली. पुढे आनंदकुमारांनी त्यांचे कागदपत्र तपासले आणि १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान आपण होऊन मुखर्जींना दिला. असा मनाचा मोठेपणा विरळाच.

स्कँडिनेव्हियातील छत्तीस वर्षांखालील ६६१ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भ्रूण एकदम ठेवलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रियांना अपत्यप्राप्ती झाली. एक ठेवून, गरज पडल्यास गोठविलेला दुसरा नंतर ठेवलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के स्त्रियांना. मात्र या प्रसूतींत जुळ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३३ टक्के, तर दुसऱ्यात एक टक्क्याहूनही कमी होते. आशा किंचित उणावली. संकट जवळजवळ टळले.

भारतात २००५ च्या मार्गदर्शक सूत्रांनी सामान्यतः तीन भ्रूणांची मर्यादा घातली. २०२२ च्या सरोगसी नियमांनी तर दुसऱ्यासाठी गर्भ वाहणाऱ्या स्त्रीबाबत, विशेष परिस्थिती वगळता, एकच भ्रूण ठेवावा असे सांगितले.

वय अधिक असल्यास वा पूर्वी अपयश आले असल्यास वैद्यांना वेगळा विचार करावा लागतो, हे खरे. तथापि अनेक वर्षे पाळणा रिकामा असलेल्या दांपत्यास ‘दोन झाली तर बरेच’ असे वाटते, तेव्हाच त्यांना हा इतिहास सांगावयास हवा. यशाचे माप मुलांच्या संख्येत नाही. माता व मूल दोघे सुखरूप घरी येण्यात आहे.