सुरामेरय-विरती आणि संघाचा आधार

मद्य सोडू इच्छिणाऱ्यास ईश्वराची गरज आहे काय? १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत स्वतःहून श्रेष्ठ अशा शक्तीवर भिस्त ठेवलेली आहे. ती शक्ती कोणती, हे ज्याने त्याने ठरवावे. ज्यांना एवढेही मान्य नव्हते, त्यांनी पुढे निरीश्वर गट काढले. १९९४ पासूनची स्मार्ट रिकव्हरी ही त्यांपैकीच.

या प्रश्नाचे फार जुने उत्तर आम्हांस विनयपिटकात दिसते. उग्र नागाचे दमन करणारा सागत थेर कोसंबीत घरोघरी दिलेले मद्य पिऊन नगरद्वारी कोसळला. या प्रसंगावरून मद्यपान हा पाचित्तिय दोष ठरला. पाचित्तिय म्हणजे संघातून हकालपट्टी नव्हे; सहभिक्षूपुढे दोष उघड सांगितला की त्याची शुद्धी होते. येथे क्षमा करणारा ईश्वर नाही, ऐकून घेणारा सोबती आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील सतरावी मद्यत्यागाची आहे. तीही प्रत्येकाने स्वतः, परंतु लाखोंच्या सोबतीने घेतली.

शरीरात मुरलेल्या व्यसनास वैद्यकीय उपचार हवेतच. त्यानंतरचा आधार मात्र केजसारख्या ऊसतोड कामगारांच्या तालुक्यात विहारही देऊ शकतो. शील मोडल्याच्या लाजेने उपासक विहाराकडे फिरकेनासा होतो, आणि त्याच वेळी त्याला विहाराची खरी गरज असते. नगरद्वारी पडलेल्या सागताला पाहून भगवंतांनी प्रथम त्याला उचलून घ्यावयास सांगितले. नियम त्यानंतर आला.